डोळ्याखालचा भोवरा

घोड्यावर ओझं लादायला दोन बायका लागतात, दोन्ही अंगांना एकेक. एकटीनं लादलं तर ओझं एका कुशीला बसतं आणि अर्ध्या वाटेत खोगीर फिरतं. आधी पाठीवर जुनी वाकळ, तिच्यावर खोगीर, मग पोटाखालून तंगाचा पट्टा घ्यायचा. तंग आवळताना घोडी पोट फुगवते. लबाड असते. थोडं थांबायचं, तिनं श्वास सोडला की पुन्हा आवळायचं. नव्या सुनेला हे कोणी सांगत नाही. पहिल्याच मुक्कामाला तिची पातेली रस्त्यावर सांडतात, सासू चार शब्द ऐकवते, मग ती शिकते. मी तशीच शिकले.

खोगीरावर दोन्हीकडून धान्याची पोती, त्यावर भांड्यांचं गाठोडं, मेंढरं कोंडायची जाळी आणि सगळ्यावर उलटी बाज. बाजेच्या पायांना कोंबड्यांचं डालगं अडकवायचं. रात्री जन्मलेली कोकरं झोळीत, तोंडं बाहेर. ज्याला चालता येत नाही असं पोर बाजेच्या मधोमध बांधायचं. एवढं सगळं घेऊन घोडी चालते. तिला कोणी धरत नाही. आपण डोक्यावर हंडा घेऊन पुढं चालायचं, ती मागून येते.

आम्ही धनगर. आमचं गाव पारनेरच्या माळावर, पण गावात पावसाळ्यापुरतं राहायचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन राहुरी, देवळाली प्रवरा करत कोपरगावपर्यंत जायचं. तिकडं पाटाचं पाणी आहे. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत शेतकऱ्याला मिळतं आणि त्याबदल्यात धान्य आम्हाला. गडी पहाटे मेंढरं घेऊन पुढं जातात. तळ मोडायचा, लादायचा, पुढच्या रानात नेऊन पुन्हा मांडायचा, हे बाईचं काम. म्हणून आमच्यात मेंढरं गड्याची आणि घोडी बाईची. लग्न झाल्यापासून गुडघे जाईपर्यंत मी हे काम केलं.

या अंकाच्या लोकांनी माझ्याकडे तळावरच्या ओव्या मागितल्या होत्या. मला ओव्या येत नाहीत. तळ मांडून झाल्यावर भाकरी थापायलाच दम उरत नसे, गाणार कोण? मला घोडी कळतात, तर घोडीचं लिहिते. एकाच घोडीचं लिहिते, कारण आमच्याकडे तीच शेवटची उरली होती. ती गाभण होती. तिच्या पोटातलं शिंगरू जगावं एवढंच मला हवं होतं. ते जगलं नाही. हे आधीच सांगते. शेवटी काहीतरी बरं निघेल या आशेनं कोणी वाचत बसू नये.

तिला नाव नव्हतं. आमच्यात घोड्यांना नावं ठेवत नाहीत. तांबडी, काळी, कानतुटकी, अशी हाक मारायची. हिला सगळे आसवाची म्हणत, कारण हिच्या उजव्या डोळ्याखाली भोवरा होता. माणसाच्या डोक्यावर केस गोल फिरतात तसा भोवरा घोड्याच्या अंगावर जागोजागी असतो. कपाळावर असतो, मानेवर असतो, छातीवर असतो. घोडं घेणारा माणूस आधी दात बघतो आणि मग भोवरे बघतो. काही जागा शुभ, काही अशुभ. सगळ्यांत वाईट डोळ्याखालचा, जिथून आसू ओघळतात तिथला. त्याला आसूढाळ म्हणतात. असं घोडं दारात असलं की मालकाला रडावं लागतं अशी समजूत आहे. असं घोडं बाजारात कोणी फुकट नेत नाही.

हिच्या आईलाही तिथंच भोवरा होता. ती घोडी माझ्या सासूनं बाजारात नेऊन परत आणली होती. एकदा नाही, दरवर्षी. सासू म्हणायची, "हिला काय कुनी नेत न्हाई, आपल्याच बोकांडी बसायची." बसली, हे खरं. चांगल्या दिसणाऱ्या, चांगल्या भोवऱ्यांच्या घोड्या विकल्या गेल्या आणि ती राहिली. तिचीच ही लेक.

एकदा देवळालीच्या अलीकडं आम्ही पाट ओलांडत होतो. पाटाला पाणी सुटलेलं आम्हाला ठाऊक नव्हतं. मी पुढं होते. माझा मुलगा रावसाहेब तेव्हा चालायला लागला नव्हता, त्याला बाजेत बांधला होता. मधोमध गेल्यावर घोडी, म्हणजे हिची आई, थांबली. मी हाक मारली, ती येईना. शिवी दिली, तरी येईना. मागं वळून बघितलं तर तंग सुटून सगळं ओझं एका अंगाला कललं होतं आणि पोरगं पाण्यावर लोंबत होतं. तिनं एक पाऊल टाकलं असतं तर खोगीर फिरलं असतं. पोटापर्यंत पाणी, समोर माझी बोंबाबोंब, आणि ती खांबासारखी उभी. पोर सोडवलं, ओझं सरळ केलं, तंग आवळला, मग निघाली.

आमच्यात घोडीची पारख ती एवढीच. लादताना उभी राहते का, पोटाखालून लेकरू गेलं तर पाय उचलते का, आणि ओझं सरकलं की थांबते का. उंची कोणी मोजत नाही. उंच घोड्यावर बाईचा हात पोचत नाही, तर लादणार कसं?

पण हे आमच्यापुरतं झालं. आमच्या घोड्यांना बाहेरचे लोक तट्टू म्हणत. गावातून जाताना पोरं ओरडत, "गाढवं आली, गाढवं." शहरातला एक लग्नाचा घोडेवाला दरवर्षी शिंगरं बघायला तळावर यायचा. गळ्यात रुमाल, तोंडात पान. बसायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "मावशी, घोडी गुनाची हायेत तुमची. पर नवरदेव बसला तर पाय भुईला लागत्यात. लोक हसत्याल." त्याच्याकडे मारवाडचा उंच घोडा होता. त्यानं आमच्या लोकांना सांगितलं, घोड्या माझ्या घोड्याला दाखवा, शिंगरू उंच होईल, मीच विकत घेईन. लोकांनी दाखवल्या. शिंगरं उंच झाली, लांब पायांची, वाकड्या कानांची. त्यानं नेली. मग सगळ्यांनाच उंच शिंगरं हवी झाली. ती ओझ्याला उपयोगाची नव्हती, घाबरट होती, चारा जास्त खायची. पण ओझं वाहायला तोवर पिकअप आल्या होत्या.

मी आसवाची त्याच्याकडे नेली होती. त्यानं डोळ्याखाली बघितलं आणि हात जोडले. "मावशी, ही नगं. माझा घोडा बाटंल." आई बाजारातून परत आली, तशी ही त्याच्या घोड्यापासून सुटली.

नर ठेवायची आमच्यात पद्धत नाही. लादलेल्या घोड्यांमध्ये मोकळा नर असला की तळ उधळतो. म्हणून नर शिंगरू वयात आलं की खच्ची करायचं किंवा विकायचं. आसपासच्या सगळ्या तळांमध्ये मिळून एखादा नर राखायचा, तो सगळ्यांना पुरायचा. शेवटी असा एकच उरला होता, आमच्या भावकीतल्या धोंडिबाचा. काळपट तांबडा, आखूड पायांचा, जुन्या घडणीचा. आसवाची मी त्याला दाखवली. गाभण राहिली. पुढं महिन्याभरात देवळालीच्या रानात धोंडिबाच्या घोड्यानं दावं तोडलं, शेतमालकाच्या मोटारसायकलीला लाथ मारली आणि गड्याच्या दंडाचा लचका घेतला. धोंडिबानं त्याला खच्ची करून टाकला. आम्ही कोणी काही म्हटलं नाही. नराचं हेच करतात.

लागूनच आलेल्या पावसाळ्यात गावात जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या. तरुण होत्या, पायांत बूट, पदवी मोठी असावी, पण बोलायला साध्या. त्यांनी देवळापुढं सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपल्या या घोड्यांना आता सरकारनं वेगळी जात म्हणून मान्यता दिली आहे. भीमथडी. आता कोणाकडे खऱ्या जातीची किती उरलीत ते बघायचं, मोजायचं, त्यांची नोंद करायची.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात लोक घोडे घेऊन आले. मला हसू आलं. आयुष्यभर ज्यांनी घोड्याला खरारा केला नाही त्यांनी तेल लावून आणले होते. एकानं शेपटीला रिबन बांधली होती. डॉक्टर बाईंकडे खुणा केलेली उंच काठी होती, तिला वर आडवी पट्टी. ती पट्टी खांद्याच्या उंचवट्यावर टेकवायची आणि आकडा बघायचा. मग डोक्याची लांबी, कान, पायाच्या नळीचा घेर. एकेक घोडं काठीखालून जात होतं आणि बाई मान हलवत होत्या. उंच. हेही उंच. याचे कान मारवाडी. याच्यात मिसळ आहे.

बबन नावाचा एक जण होता, त्याची चारही घोडी उंच निघाली. तो चिडला. "म्याडम, आमच्या बापाला लोक तट्टूवाला म्हनायचे. लाज वाटून आमी उंच घोडा दाखवला. आता तुमी म्हनता बुटकंच पायजे. मंग मधली सगळी वर्षं आमी लाजलो कशापायी?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण नोंद जातीची आहे. जे आहे तेच लिहावं लागतं."

"मंग लिवा," बबन म्हणाला, "बबनची चार घोडी, जात न्हाई."

शेवटी माझा नंबर आला. बाईंनी आसवाचीला काठी लावली, पुन्हा लावली. डोकं मोजलं, नळी मोजली, खूर उचलून बघितले. मग एकदम म्हणाल्या, "आजी, ही अगदी पुस्तकातल्यासारखी आहे. अशाच घोड्या पूर्वी मराठ्यांच्या फौजेत होत्या."

"आसत्याल," मी म्हटलं. "ही कोंबड्या वाहती."

त्यांनी विचारलं, गाभण कोणापासून? मी धोंडिबाच्या घोड्याकडे बोट दाखवलं, तो कडुनिंबाखाली बांधला होता. बाई तिकडं गेल्या. दुरूनच बघून खूश झाल्या. मग जवळ गेल्या, वाकल्या आणि सरळ झाल्या.

"हे कधी केलं?"

"म्हैना झाला आसंल," धोंडिबा म्हणाला. "का वं?"

बाई वळल्या. परत माझ्याकडे आल्या. "आजी, या दोघांचं हे एकच शिंगरू आता होणार. नर झाला तर खच्ची करू नका. मादी झाली तर उंच घोड्याला दाखवू नका. काहीही झालं तरी आधी मला फोन करा. एवढं जपा."

मी म्हटलं, जपते. तेव्हापासून माझ्या मनानं ते धरलं. नाहीतर शिंगरू म्हणजे काय, आम्ही कैक बघितली, विकली, पुरली. पण जिला सगळे नको म्हणत होते तीच घोडी तेवढी खऱ्या जातीची निघाली, आणि तिच्यामागं कोणी नव्हतं. म्हातारपणी माणसाला असलं काहीतरी लागतं.

बाईंनी घोडीचे दोन्ही अंगांनी फोटो काढले, रक्त घेतलं आणि घोड्याचं चित्र छापलेल्या कागदावर फुल्या मारायला लागल्या. जिथं भोवरा तिथं फुली. डोळ्याखाली फुली मारताना रावसाहेब पुढं आला. "म्याडम, त्यो येवढा न्हाई लिवला तर चालंल का?"

"का? उलट तोच महत्त्वाचा. तुमच्या अंगठ्याच्या ठशासारखा आहे. उद्या कोणी म्हणालं की घोडी बदलली, तर यावरून ओळख पटते." त्यांनी सांगितलं की रक्ताची तपासणी नीट आली की त्या परत येतील, ओळख पटवतील आणि मानेत तांदळाएवढी चिप बसवतील. मग नोंद पक्की.

रावसाहेबाबद्दल एक सांगते, म्हणजे त्याला कोणी राक्षस समजायला नको. तो कष्टाळू आहे. त्याच्या बायकोला मणका सरकल्यानं डॉक्टरांनी ओझं उचलू नको सांगितलंय. एका बाईनं लादता येत नाही, माझे गुडघे गेलेले. उसाच्या रानात बिबटे, रस्त्यावर ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर. त्याला पिकअप हवी होती आणि घोडी नको होती. यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. मीच म्हणत होते, शिंगरू होईपर्यंत थांब.

घोडीची बातमी फिरली. प्रवरेकडचा एक बागायतदार गाडी घेऊन आला. त्यानं उसाच्या कडेला हुरडा पार्टीचं ठिकाण काढलं होतं. शहरातली पोरं येतात, त्यांना बसायला घोडं हवं, आणि ते मान्यता मिळालेलं, इथलंच असावं अशी त्याची हौस. माणूस चांगला होता. त्यानं घोडीला आधी हात चाटू दिला, मग मानेवर ठेवला. मी अट घातली. घोडी हितं व्यायची, शिंगरू दुधावरून सुटलं की दोन्ही न्यायची, आणि नर असला तर खच्ची करायचा नाही. तो लगेच हो म्हणाला. "आजी, त्याला मी राजासारखा ठेवीन. सावलीत बांधीन, डॉक्टर ठेवीन." मला बरं वाटलं. आमच्या तळावर काय, ऊन आणि चिखल.

पण त्यानं बरोबर एक दलाल आणला होता. दलालानं दात बघितले, पाय बघितले आणि डोळ्याजवळ येऊन थांबला. मालकाला बाजूला घेऊन म्हणाला, पण मला ऐकू आलं, "सायेब, आसूढाळ हाय. हात लावू नका."

बागायतदार ओशाळला. "आजी, मी असलं काही मानत नाही. पण घरात आई आहे. उद्या घरात काही बरंवाईट झालं तर ती मला आयुष्यभर ऐकवेल." तो गाडीत जाऊन बसला. मी त्याला दोष देत नाही. मीच त्या भोवऱ्यावर जन्मभर विश्वास ठेवला होता आणि त्या घोडीवरही.

दलाल मागं रेंगाळला. रावसाहेबाशी कुजबुजला, "दोन केसांसाठी सौदा घालवतोस व्हय? डाग दे. कातडी उजळंल, केस यायचे न्हाईत. सायबाच्या म्हातारीला काय दिसनार हाय? मी सायेबांना म्हैन्यानं परत आनतो."

मी रावसाहेबाला सांगितलं, "नगं. डोळ्याजवळ हाय. घोडी हितंच राहू दे."

"बरं," तो म्हणाला.

नंतर मी लेकीकडे शेवगावला गेले. नातीचं बारसं होतं. चार दिवस राहून परत आले तर घोडी बाभळीखाली बांधलेली आणि उजव्या डोळ्याखाली काळं वर्तुळ. त्यावर राख थापलेली.

रावसाहेब समोरच होता. "आये, नोंद झाली तिची. फोटू हाय, रगत हाय. आता केस गेले तर काय बिघडलं? त्यो मानूस घेनार हाय. तुजंच शिंगरू राजासारखं राहील."

डाग देणं आमच्यात नवं नाही. घोडं लंगडलं, डाग द्या. पोट धरलं, डाग द्या. विळा तापवून कसा, किती दाबायचा हे त्याला मीच शिकवलं होतं, जसं मला सासऱ्यानं. वर राख लावतात, मेंढराच्या लेंड्यांची, म्हणजे माशा बसत नाहीत. सगळं त्यानं रीतीप्रमाणं केलं होतं. डोळा वाचला होता. घोडी खात होती. मी मानेवर हात फिरवला, पोटाला लावला. आत शिंगरू हललं. म्हटलं, झालं ते झालं.

आठवडा गेला असेल. सकाळी चारा टाकला तर तिनं तोंड लावलं नाही. वास घेत होती, पण तोंड उघडत नव्हतं. चारी पाय बाजेच्या पायांसारखे फाकवून उभी होती. शेपूट ताठ, कान ताठ. सून पातेलं आपटून राख झाडत होती, त्या आवाजासरशी घोडी अंगभर थरथरली आणि तिच्या डोळ्यावर आतून पांढरा पडदा सरकला. मी असं एकदा पूर्वी बघितलं होतं, दुसऱ्याच्या तळावर. मला कळलं.

रावसाहेबानं डॉक्टर बाईंना फोन केला. त्या नगरहून औषधं घेऊन आल्या. मोठ्यानं बोलू नका म्हणाल्या, तिच्या कानात कापूस घातला, शेडमध्ये नेऊन दाराला पोती बांधून अंधार केला. मग डोळ्याखाली बघितलं.

"हे काय?"

मी सांगितलं, "डाग दिला. भोवरा घालवायला."

"वर काय लावलं?"

"राख. लेंड्यांची."

त्यांनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "आजी, लेंड्यांत, मातीतच तो धनुर्वाताचा जंतू असतो. जखम झाली की आत जातो. घोड्याला सगळ्यांत लवकर होतो. एक साधी सुई असते, आधी दिली असती तर..." आम्ही मेंढरांना सगळ्या सुया देतो, चुकवत नाही. घोड्याला सुई द्यायची हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

बाईंनी खूप केलं. रोज आल्या. तिसऱ्या दिवशी घोडी आडवी झाली. आडवी झालेली उठत नाही. मी तिच्या पोटाशी बसून होते. ती हलत नव्हती, पण आतलं हलत होतं. हाताला लाथ लागायची. मी बाईंना विचारलं, "पोट फाडून काढता यील का?"

"नाही आजी. अजून पुरं झालेलं नाही. बाहेर जगणार नाही."

घोडी दुपारी गेली. हाताखालचं त्यानंतरही थोडा वेळ हललं. मग थांबलं.

रावसाहेबानं जेसीबी आणला, माळावर खड्डा केला. तिला दोराला बांधून ओढताना तो कोणाकडेच बघत नव्हता. खड्डा बुजला तसा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आये, मी निस्ते केस जाळायला गेल्तो." मी म्हटलं, "म्हाईत हाय." त्यानंतर आमच्यात यावर बोलणं झालं नाही. होणारही नाही.

धोंडिबा भेटायला आला. बाकीचे आले. सगळ्यांनी एकच म्हटलं, "बघा, शेवटी भोवरा खराच निगाला. आसूढाळ त्यो आसूढाळ." मान हलवत चहा पिऊन गेले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण इथं लिहिते. भोवरा होता तोवर तिच्या आईनं माझं पोर पाटात उभं राहून वाचवलं, तिनं माझं बिऱ्हाड वर्षानुवर्षं वाहिलं, आणि दोघींना कोणी विकत नेलं नाही म्हणून तर एक खरी घोडी उरली होती. रडवणारं तिच्या अंगावर जे काही होतं ते आम्ही जाळून टाकलं होतं. ती मेली तेव्हा तिच्या डोळ्याखाली भोवरा नव्हता.

डॉक्टर बाईंनी नंतर आसपासचे सगळे तळ पालथे घातले. जुन्या घडणीची एक-दोन म्हातारी घोडी मिळाली म्हणतात, खच्ची केलेली. आता जातीला नाव आहे, मान्यता आहे, मोजायची काठी आहे. मला त्या बाईंचं वाईट वाटतं. त्या काठी घेऊन जरा उशिरा जन्मल्या.

रावसाहेबानं निम्मी मेंढरं विकून जुनी पिकअप घेतली. पिकअपला भोवरे नसतात. तरी घेतल्या दिवशीच त्यानं पुढं लिंबू-मिरची बांधली आणि मागं काळी बाहुली टांगली.

या दिवाळीनंतर आम्ही तिच्यातून देवळालीकडे निघालो. पोती, बाज, जाळी सगळं भसाभस भरलं. लादायला कोणी लागलं नाही, कोणती गाठ कुठं मारायची हे विचारायला कोणी आलं नाही. सून पुढं रावसाहेबाशेजारी बसली, मी मागं ओझ्यात. एका वळणावर सगळं एका अंगाला सरकलं आणि कोंबड्यांचं डालगं कडेनं खाली पडलं. मी ओरडले, पत्र्यावर हात आपटले. पुढं गाणी लावली होती. घोडी असती तर थांबली असती. गाडी तशीच पुढं गेली, आणि मी ओरडायचं थांबले.